तलावपाळीवर रात्रीचे फोटो

ठाण्याच्या तलावपाळीवर फोटो काढायला पूर्ण काळोख पडायची वाट बघू नका. सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांनी आकाश गडद निळं होतं आणि मासुंदा तलावाच्या पाण्यात दिव्यांच्या लांब रेघा उतरतात. माझी सगळ्यात आवडती वेळ हीच! ट्रायपॉड कठड्याला टेकवू नका. कुणी कठड्यावर रेललं की तो हलतो; माझी एक अख्खी संध्याकाळ अशीच वाया गेली. कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचं माप), शटर १० सेकंद उघडं, टायमर २ सेकंद. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्या. घरी एडिट करताना आधी व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा पिवळा-निळा तोल) ३२०० केल्विनच्या आसपास आणा, पिवळट झाक कमी होते. मग हायलाइट्स, म्हणजे फोटोतले सगळ्यात उजळ भाग, खाली. सावल्या मात्र फार उजळू नका, नॉइज (दाणेदारपणा) लगेच वर येतो.