उपग्रहाचा पाऊस मोजताना या चुका टाळा

चिपळूणच्या २२ जुलै २०२१च्या पुरावर प्रकल्प करायचा, की मुलं नासाच्या अर्थडेटा या संकेतस्थळावर मोफत खातं उघडतात, आयमर्गच्या, म्हणजे उपग्रहांवरून काढलेल्या पावसाच्या अंदाजाच्या, फाइली उतरवून घेतात आणि थेट बेरीज करतात. उत्तर दुप्पट येतं. माझंही पहिल्यांदा तसंच आलं होतं.

फाइल अर्ध्या तासाची असते, पण आतला आकडा मिलिमीटर प्रति तास असतो. म्हणून प्रत्येक आकडा निम्मा करा, मग दिवसाच्या ४८ फाइलींची बेरीज करा. बेरीज उणे आली तर -९९९९.९ शोधा, ती ‘नोंद नाही’ अशी खूण आहे, ती आधी वगळायची. नकाशा आडवा पडला, तर फाइलीत रेखांश आधी आणि अक्षांश नंतर आहे, एवढंच.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. या फाइलींचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, म्हणजे त्यांचा दिवस आपल्याकडे पहाटे ५:३०ला सुरू होतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मात्र सकाळी ८:३० ते ८:३०, आणि नोंद पडते ती संपणाऱ्या दिवसाच्या तारखेला. २२ जुलैच्या नोंदीत २१च्या सकाळपासूनचा पाऊस असतो. तुलना करायची तर फाइलींच्या घड्याळानुसार २१ तारखेच्या ०३:०० पासून २२च्या ०२:३० पर्यंत सुरू होणाऱ्या फाइली घ्या. तारीख जुळते म्हणून पाऊस जुळला असं समजू नका. रात्रभर कोसळणाऱ्या पावसात तेवढ्या तासांनी सगळं चित्र बदलतं.

एकाच आलेखात तातडीची आणि अंतिम आवृत्ती मिसळू नका. पहिली साधारण चार तासांत मिळते. दुसरी काही महिन्यांनी, जमिनीवरच्या पर्जन्यमापकांशी पडताळून येते. आवृत्तीचा क्रमांक आणि फाइल उतरवल्याची तारीख वहीत लिहून ठेवा.

इतकं करूनही आकडा कमी येईल. आयमर्गचा एक चौकोन साधारण अकरा किलोमीटरचा असतो आणि त्या अख्ख्या चौकोनाला एकच आकडा मिळतो. गुहागरच्या किनाऱ्यापासून कुंभार्ली घाटापर्यंत पाऊस किती बदलतो, हे आपल्याला माहीत आहे. शिवाय सह्याद्रीला अडणारे ढग फार उंच न वाढताही धो-धो ओततात. असा पाऊस उपग्रहाला कमीच दिसतो. म्हणून उपग्रहाचा आकडा बदलू नका, त्याच्या शेजारी जवळच्या पर्जन्यमापकाचा आकडा मांडा आणि दोन्हींतला फरक अहवालात दाखवा.