रॉडचा जोड सैल झालाय? आधी मेणबत्ती शोधा

दोन तुकड्यांचा, हाताने बांधून घेतलेला मासेमारीचा रॉड गळ फेकताना जोडाशी टिकटिक वाजायला लागला किंवा वरचा तुकडा फिरायला लागला, की बरेच जण सेलोटेप गुंडाळतात. टेप नकोच. ती एका बाजूला जाड बसते आणि सगळा ताण त्याच जागी येतो.

आधी जोडाची दोन्ही टोकं साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. समुद्रावर वापरलेल्या रॉडमध्ये वाळूचे कण असतातच, आणि तेच रॉडचं कार्बन घासून काढतात. मग बाहेरच्या टोकाची, म्हणजे ज्यात दुसरा तुकडा शिरतो त्याची, कड नीट बघा: दोऱ्याच्या गुंडाळीखाली बारीक उभी चीर दिसली तर पुढचं काही करू नका, रॉड थेट बांधणाऱ्याकडे न्या.

चीर नसेल तर आत जाणाऱ्या भागावर साधी पांढरी मेणबत्ती घासा, बोटाने पातळ पसरवा. वरचा तुकडा पाव फेरा तिरका घालून, फिरवत दोरी ओवायच्या कड्या एका रेषेत आणा. बहुतेक वेळा एवढ्यानंच भागतं.

तरीही ढिला राहिला, तर आतल्या भागावरचं मेण पूर्ण काढून इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाचा) अगदी पातळ थर द्यायचा, पूर्ण कडक होऊ द्यायचा आणि ८०० किंवा १००० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, थोडं थोडं घासत बसवून बघायचं. घाई केली की थर गेलाच! स्पिगट जोडात (एका तुकड्यात बसवलेली खुंटी दुसऱ्यात शिरते तो) मात्र दोन तुकड्यांमध्ये थोडी फट राहायलाच हवी. ती दिसते म्हणून ठोकून बसवू नका.