पी१२ फाइलमधून सी कोडने सर्टिफिकेट कशी काढायची

पी१२ किंवा पीएफएक्स फाइलमध्ये प्रायव्हेट की, तिचं सर्टिफिकेट आणि वरची चेन (ते देणाऱ्या संस्थांची सर्टिफिकेट) असं सगळं एका पासवर्डखाली कोंबलेलं असतं. कमांड लाइनवर ओपनएसएसएलने ते पटकन निघतं, पण प्रोग्रॅममधूनच काढायचं असेल तर सीमध्येही फार लिहावं लागत नाही, ओपनएसएसएलचीच लायब्ररी लिबक्रिप्टो तेवढी लिंक करा.

फाइल एफओपनने 'आरबी' मोडमध्ये उघडा, विंडोजवर तो बी राहिला की बायनरी डेटाची वाट लागते. मग ती डी२आय_पीकेसीएस१२_एफपी ला द्या, दुसरं आर्ग्युमेंट नल. उत्तर नल आलं तर आधी फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये बघा, बऱ्याचदा कुणीतरी पीईएम (टेक्स्ट स्वरूपातल्या सर्टिफिकेटच्या) फाइललाच पी१२ नाव ठेवलेलं असतं, वर 'बिगिन' दिसलं की समजून जायचं.

पुढचं सगळं काम एकटं पीकेसीएस१२_पार्स करतं, पासवर्ड तपासणं, डिक्रिप्ट करणं, वाटणी करणं. त्याला की, सर्ट आणि सीए (बाकीच्या सर्टिफिकेटची यादी, म्हणजे स्टॅक) अशा तीन पॉइंटरचे पत्ते द्यायचे आणि सीए आधीच नल करून ठेवायचा, म्हणजे 'स्टॅक_ऑफ(एक्स५०९) *सीए = नल;' असं. कारण त्यात आधीच स्टॅक असेल तर हे फंक्शन त्यालाच सर्टिफिकेट जोडतं, मग कचरा पत्ता असला की क्रॅश ठरलेला.

पार्सकडून १ (यशस्वी) परत आला म्हणजे सर्ट मिळालंच असं नाही हं. फाइलमध्ये प्रायव्हेट की नसेल तर सर्ट नल राहतं आणि सगळी सर्टिफिकेट सीएमध्ये जातात, त्यामुळे दोन्हीकडे बघा. एसके_एक्स५०९_नम ने मोजायचं, एसके_एक्स५०९_व्हॅल्यू ने एकेक घ्यायचं, पीईएम_राइट_एक्स५०९ ने फाइलमध्ये लिहायचं. ओपनएसएसएल ३.० च्या आधीच्या व्हर्जनमध्ये सीएचा क्रम उलटा यायचा, तेव्हा क्रमावर विसंबून कोड लिहू नका, इश्युअर (सर्टिफिकेट देणाऱ्याचं नाव) जुळवून बघा.

पासवर्ड बरोबर असून ३.० वर जुनी फाइल उघडत नसेल तर एरर नीट वाचा, म्हणजे ईआरआर_प्रिंट_एरर्स_एफपी(एसटीडीईआरआर). त्यात 'अनसपोर्टेड' दिसलं की बहुतेक ४० बिटचं आरसी२ हे जुनं एन्क्रिप्शन आहे, ते आता लेगसी प्रोव्हायडरमध्ये (जुन्या अल्गोरिदमचा वेगळा लोड करायचा भाग) गेलंय. सुरुवातीलाच ओएसएसएल_प्रोव्हायडर_लोड ने 'लेगसी' लोड करा आणि सोबत 'डिफॉल्ट' पण, नुसतं लेगसी केलं तर बाकीचे अल्गोरिदम सापडत नाहीत.

शेवटी फ्री करताना सीएला एसके_एक्स५०९_पॉप_फ्री लावा, नुसत्या एसके_एक्स५०९_फ्री ने स्टॅक जातो पण आतली सर्टिफिकेट मेमरीत तशीच राहतात. फाइलमध्ये प्रायव्हेट की असेल तर तुम्हाला नको असली तरी ती मिळालेली असते, तीही ईव्हीपी_पीकी_फ्री ने सोडा.