जाळं आधी धुवा, मग औषधात बुडवा

एका टाकीत लाल व्रणांचे किंवा झिजलेल्या परांचे मासे दिसले, की मी आधी हातजाळी हातात घेते. एरोमोनाससारखे जिवाणू पाण्याबरोबर पसरतातच, पण ओली जाळी, बादल्या आणि गमबूट त्यांना शेजारच्या टाकीत नेऊन सोडतात.

जाळीची एक गाठ नखाने उकलून बघा. आत बुळबुळीत चिकटा, एखादा खवला, खाद्याचा कण सापडेल. अशी जाळी थेट ब्लीचिंगच्या पाण्यात टाकली तर क्लोरीन त्या घाणीवरच खर्ची पडतो आणि चिकट्याखालचे जिवाणू सुखरूप राहतात. म्हणून साबणाच्या पाण्यात ताठ ब्रशने घासायचं, गाठी चोळायच्या, साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळायचं. अर्ध्याहून अधिक काम इथेच होतं, कंटाळा करू नका.

मग द्रावण. ३० टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर १०० लिटर पाण्यात साधारण ७० ग्रॅम घेतली, की २०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २०० भाग) आसपास क्लोरीन मिळतो. पिंप प्लास्टिकचंच हवं, पत्र्याचं गंजतं. आधी पाणी, मग पावडर. हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्या हवेत. ॲसिड जवळपासही नको, विषारी वायू होतो. पावडर ओल लागून मेलेली असेल, उग्र वास येत नसेल, तर ती वापरूच नका. सामान अर्धा तास पूर्ण बुडलेलं हवं; वर तरंगणाऱ्या जाळीवर दगड ठेवा. रात्रभर मात्र ठेवू नका, नायलॉन कमकुवत होतं. द्रावण रोज ताजं, आणि गढूळ झालं की लगेच बदला.

बाहेर काढल्यावर भरपूर पाण्याने धुवा. क्लोरीनचा अगदी थोडा अंशही माशांचे कल्ले जाळतो. उरलेल्या द्रावणातला क्लोरीन सोडियम थायोसल्फेट घालून निकामी करा (१०० लिटरला सुमारे १४० ग्रॅम), तळ्याकडे जाणाऱ्या चरात तसंच ओतू नका. शेवटी जाळी उन्हात पसरून कडकडीत वाळवा. घडी घातलेली जाळी आतून ओलीच राहते.

गमबुटांसाठी दाराशी आयोडीनच्या जंतुनाशकाचं घमेलं ठेवते. तपकिरी रंग फिका पडला, की द्रावण संपलं असं समजायचं.

आजारी टाकीची जाळी वेगळीच ठेवा, दांड्याला लाल पट्टी गुंडाळा, आणि त्या टाकीचं काम दिवसाच्या शेवटी करा.