हापूसची पहिली पेटी निघण्याआधी वेबसाइटवर काय काय बघून घ्यावं

गुढीपाडव्याला चौकशा सुरू होतात आणि अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात फोन खाली ठेवायची सोय नसते, म्हणून वेबसाइटची डागडुजी फेब्रुवारीतच उरकावी. सुरुवात स्वतः गिऱ्हाईक होऊन करा. घरातला जुना, साधा फोन घ्या, वायफाय बंद करा आणि आपल्याच साइटवरून पैसे भरून एक पेटी मागवा. बागेचे फोटो चार-चार एमबीचे असतील तर पान उघडेपर्यंत माणूस दुसरीकडे गेलेला असतो; ते हलके करून घ्या. खातं उघडायची सक्ती काढा. वर्षातून दोन पेट्या घेणाऱ्याने पासवर्ड कशाला लक्षात ठेवायचा?

पिनकोड अगदी आधी विचारा. पेटी तिथे पोचते का आणि साधारण कोणत्या दोन-तीन दिवसांत, हे सहा आकडे टाकताच कळलं पाहिजे. पक्की तारीख देऊ नका. अवकाळी पाऊस झाला की तोडणी पुढे जाते.

सगळ्यात जास्त वेळ आंब्याच्या पानाला द्या. फळ हातात घेऊन, वास घेऊन निवडणाऱ्या माणसाला तुम्ही फोटोवरून पैसे भरायला सांगताय. डझनाचा भाव लिहिलात, पण फळ किती ग्रॅमचं? 200 ते 250, की 250 ते 300? आकड्यातच लिहा, ‘एक्स्ट्रा लार्ज’वरून कुणाला काही कळत नाही. पेटी येईल तेव्हा फळ कडक हिरवं असेल की रंग धरलेलं, खायला किती दिवस थांबावं लागेल, हेही तिथेच सांगा, नाहीतर ‘कच्चे आंबे पाठवलेत’ म्हणून फोन येणारच. पेटी आल्याबरोबर उघडा, फळं पेंढ्यावर एका थरात मांडा, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका, वास सुटला आणि फळ बोटाला किंचित मऊ लागलं की कापा: एवढा मजकूर पानावर हवा आणि पेटीतल्या चिठ्ठीवरही. साक्याबद्दल गप्प बसू नका. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या हापूसात कापल्यावर पांढरट, आंबट गर निघू शकतो, हे जुन्या खवय्यांना ठाऊक असतं. नव्या गिऱ्हाइकाला मात्र फसवल्यासारखं वाटतं. कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत, असं सरळ लिहून टाका. फळ कुठलं तेही गावासकट. हापूसचं जीआय मानांकन (ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावू देणारी सरकारी नोंद) 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी मिळालं. कर्नाटकातलं फळ असेल तर तसं सांगून विका, त्यालाही गिऱ्हाईक आहे.

भाव पोचखर्चासकट सुरुवातीलाच दाखवा. शेवटच्या पायरीवर वाढणारी किंमत, न मागता कार्टात पडलेली वस्तू, ‘फक्त दोनच पेट्या शिल्लक’ची खोटी घाई, हे सगळं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालत नाही. आमरसाचा डबा गुपचूप कार्टात ढकलायची हौस त्यातच मोडते.

यूपीआयने पैसे कापले गेले पण ऑर्डर दिसत नाही, अशा वेळी स्क्रीनवर काय येतं ते मुद्दाम बघा. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. हे आणि तुमचा फोन नंबर तिथेच दिसला की माणूस घाबरून पुन्हा पैसे भरत नाही.

न्यू जर्सीतला मुलगा पुण्यातल्या आईवडिलांना पेटी पाठवतो, याचा विचार फॉर्म करताना कुणी केलेला नसतो. पैसे भरणाऱ्याचा आणि पेटी घेणाऱ्याचा, असे दोन नंबर घ्या. नाहीतर पोचवणारा सकाळी अकराला कोथरूडच्या दारात उभा राहून अमेरिकेत फोन लावतो, आणि तिकडे रात्रीचे दीड वाजलेले असतात. दहाच आकड्यांचा नंबर घेणारा फॉर्म बदला, परदेशी कार्ड चालतं का तेही तपासा.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवा, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात. आंब्याला महिना म्हणजे अर्धा हंगाम! तुम्ही दुसऱ्या दिवशीच निकाल लावा. आणि दिवसाला जेवढ्या पेट्या भरून होतात तेवढ्याच ऑर्डर साइटने घ्याव्यात, हा आकडा पाडव्याआधी पेट्या भरणाऱ्या माणसांना विचारूनच टाका.