जुनी मारुती 800: घेताना काय पाहावे, घेतल्यावर काय करावे

मारुती 800 चे उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबले. मुंबई, पुणे आणि सोलापुरात तर बीएस-4 हे धुराचे नवे मानक लागू झाल्यामुळे एप्रिल 2010 पासूनच नवी 800 मिळेनाशी झाली. म्हणजे आज विकायला आलेली कोणतीही 800 एक तर पंधरा वर्षे ओलांडलेली असते किंवा त्याच्या जवळ आलेली असते. ती घ्यायला हरकत नाही. सुटे भाग अजून मिळतात, आणि तिचे 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन गावोगावच्या मिस्त्रींना पाठ आहे. मात्र बहुतेक लोक ती चुकीच्या क्रमाने तपासतात. आधी इंजिनाचा आवाज ऐकतात, मग रंग पाहतात, आणि कागद शेवटी. आधी कागद पाहा, मग पत्रा, आणि इंजिन सर्वांत शेवटी. इंजिन उघडून बांधता येते, दुसरे आणूनही बसवता येते. सडलेला सांगाडा आणि अडकलेले आरसी बुक परवडत नाही.

कागद

आरसीवरची वैधतेची तारीख पहिल्यांदा बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म 25 भरून आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावे लागते. कारसाठी ही फी एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये आहे. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांहून जुन्या कारला ती 10,000 झाली. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. तारीख उलटून गेली असेल तर उशिरासाठी महिन्याला 500 रुपये लागतात. "रिन्यूअल तेवढे तुम्ही करून घ्या" असे विकणारा सहज म्हणतो. अडीच वर्षे रखडलेल्या गाडीवर तेच पंधरा हजार होतात. नूतनीकरण त्याच्याच नावावर करून घ्या किंवा ती रक्कम किमतीतून वजा करा.

जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर राहिला आहे का तेही पाहा. कर्ज फिटून दहा वर्षे झाली तरी फॉर्म 35 आणि बँकेचे पत्र दिल्याशिवाय तो उतरत नाही. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर ते पत्र मिळवण्यात महिना जातो. बॉनेट उघडून मागच्या पत्र्यावर ठोकलेला चासी नंबर आरसीशी अंकन्अंक जुळवा. गंजाने अंक पुसट झाले असतील तर तपासणीत गाडी तिथेच अडकते. बाहेरून सीएनजी किट बसवले असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी.

दिल्लीकडची स्वस्त 800 दाखवली जाते, त्या मोहात पडू नका. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत म्हणूनच ती स्वस्त असते. ना-हरकत पत्र, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर या खर्चात तो फायदा संपतो.

सौदा झाला की फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच दिवशी घ्या. थर्ड पार्टी विमा 1000 सीसीपर्यंतच्या कारला 2022 च्या दराने 2,094 रुपये अधिक जीएसटी पडतो. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते, तीही बसवलेली आहे का पाहा. 800 बीएस-4 कधी झालीच नाही, त्यामुळे पीयूसी दर सहा महिन्यांनी.

पत्रा

गाडी दिवसा पाहा, कोरडी असताना पाहा, आणि घालायला जुने कपडे न्या. पुढच्या पायपुसण्या आणि गालिचा वर उचला. ड्रायव्हरच्या टाचेखालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने ठोका. चांगला पत्रा टणत्कार देतो, सडलेला भद्द वाजतो. बॅटरीच्या ट्रेखालीही असेच ठोका. सांडलेल्या ॲसिडने तिथला पत्रा आधी जातो. मग दारांच्या खालच्या कडा, दाराखालच्या पेटीसारख्या पट्ट्या, स्टेपनीचा खड्डा, मागच्या चाकांच्या कमानी.

रंगाखाली लांबी (पुट्टी) भरली आहे का हे ओळखायला छोटे लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे लांबी आहे. दारावर लांबी असणे म्हणजे जुना पोचा, ते चालते. दाराखालच्या पट्टीवर लांबी म्हणजे भोक बुजवलेले आहे.

या दोन जागा सडल्या असतील तर गाडी सोडून द्या: बॉनेटखाली शॉकॲब्सॉर्बरचा वरचा भाग जिथे बोल्ट होतो ते बुरूज, आणि खाली लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा) जिथे सांगाड्याला धरतो ती जागा. 800 ला वेगळी चासी नाही, पत्र्याची पेटी हाच सांगाडा. चाक जिथे टेकते तिथलाच पत्रा गेला तर वेल्डिंगने अलाइनमेंट परत येत नाही. रत्नागिरी, अलिबाग, वसईकडच्या गाड्यांत हे विशेष पाहा. त्याच किमतीत सोलापूर-लातूरकडची, उन्हाने रंग उडालेली गाडी मिळत असेल तर ती घ्या. रंग विटला तरी चालतो.

गंज काढायचा तर सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या. वरून पत्रा चिकटवला की आत ओल कोंडते आणि दोन पावसाळ्यांत शेजारचा पत्राही जातो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायला सांगा, एमपीएफआय गाडीत (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) ईसीएमचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, कनेक्टरही. खालून अंडरकोट (गंजरोधक काळा थर) मारायचा असेल तर गाडी धुऊन किमान दोन दिवस कडक उन्हात वाळू द्या. ओल्या किंवा सुट्या गंजावर मारलेला काळा थर बाहेरून छान दिसतो आणि आतून पत्रा खातो. विकायच्या आधी घाईने मारलेला ताजा अंडरकोट दिसला तर खरवडून बघाच.

इंजिन, विकत घेण्यापूर्वी

इंजिन पूर्ण थंड असताना पोहोचा. आधीच गरम करून ठेवले असेल तर परत जा, दुसऱ्या दिवशी या. सेल्फ मारताच मागे निळा धूर आला आणि मिनिटात गेला तर दोष व्हॉल्व्ह सीलचा. तो किरकोळ खर्च आहे. चालवताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर येतच राहिला तर रिंग-पिस्टन. पांढरा धूर गरम इंजिनावरही थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांमधली पत्री. ऑइल भरायचे झाकण उघडून आत दह्यासारखा थर दिसतो का तेही पाहा.

कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारे मीटर) असलेला मिस्त्री मिळाला तर तिन्ही प्लग काढून मोजणी करून घ्या. तिघांतला फरक 15 पीएसआयच्या आत हवा. शेजारचे दोन एकदम कमी दाखवत असतील तर दोघांमधले गॅसकेट उडाले आहे. एकच कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, न वाढला तर व्हॉल्व्ह. सीएनजीवर बरीच चाललेल्या गाडीत बहुधा व्हॉल्व्हच निघतो.

एमपीएफआय गाडीत चावी फिरवताच इंजिनाचा पिवळा दिवा पेटला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात पेटतच नसेल तर बल्ब काढून ठेवलेला असू शकतो.

घेतल्यानंतरचा पहिला महिना

गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम बाजूला ठेवूनच सौदा करा. ती टेप, सीट कव्हर, अलॉय यांत घालवू नका.

सुरुवात पाण्यापासून. जुन्या 800 चे इंजिन मरते ते बहुतेक वेळा तापून. वर्षानुवर्षे नळाचे पाणी घातल्याने आत गंजाचा चिखल साचतो, रेडिएटरच्या नळ्या बुजतात. त्यात कुणीतरी "गाडी तापते" म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकलेला असतो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, ॲव्हरेज पडते, ऑइलमध्ये पेट्रोल उतरते, आणि मूळ दोष तसाच राहतो. थंड इंजिनावर खालचा पाइप काढून पाणी सोडा, बागेच्या नळीने पाणी स्वच्छ येईपर्यंत उलट्या दिशेने धुवा. वरचा-खालचा पाइप, हीटरचे दोन्ही पाइप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरची टोपी नवी घाला. टोपीचे रबर गेले की दाब टिकत नाही आणि पाणी आधीच उकळते. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे, एकूण साडेतीन लिटरच्या आसपास. हीटरचा खटका गरमवर ठेवा, टोपी उघडी ठेवून इंजिन चालू करा. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा, नाहीतर हवा अडकून काटा नॉर्मल दिसत असतानाच हेड तापते.

शेवटी पंखा लागण्याची वाट पाहा. काटा मध्याच्या वर गेला तरी पंखा लागत नसेल तर इंजिन बंद करून मोटरला बॅटरीवरून थेट वायर द्या. फिरला तर मोटर ठीक. दोष फ्यूज, रिले किंवा स्विचमध्ये. कायमची थेट वायर जोडून डॅशबोर्डवर बटण बसवण्याचा जुगाड करू नका. एक दिवस बटण दाबायचे राहते.

टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा) कधी बदलला याचे बिल नसेल तर तो बदललेला नाही असे धरा. बेल्टबरोबर टेन्शनर, कॅम आणि क्रँकचे ऑइल सील बदला. वॉटर पंपाची पुली तेव्हा निघतेच, म्हणून पंपाच्या दांड्याला खेळ आहे का, खालच्या भोकातून पाणी झिरपल्याचा डाग आहे का, ते त्याच वेळी पाहा. मजुरी एकदाच लागते.

ऑइल 20डब्ल्यू-40 पुरते. इंजिन दहा मिनिटे गरम करून सोडा. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचे बोट लावा, हाताने टेकेपर्यंत आवळा आणि वर पाऊण फेरा. तीन लिटरचा डबा आणा, अडीच लिटर ओता, मग डिपस्टिक पाहत थोडे थोडे. दर 5,000 किलोमीटर किंवा सहा महिन्यांनी. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी आणि हेड कव्हरच्या कडेने ऑइल गळते, ही या इंजिनाची जुनीच खोड आहे. ओ-रिंग आणि गॅसकेट बदलले की थांबते. नुसता सिलिकॉन थापू नका, त्याचे तुकडे आत पडून ऑइलची जाळी बुजते.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी लावा: इनटेकला 0.15 मिमीच्या आसपास, एक्झॉस्टला किंचित जास्त, 0.18. जास्त सैल असले तर टकटक ऐकू येते. घट्ट असले तर काहीच ऐकू येत नाही आणि व्हॉल्व्ह जळतो, म्हणून अगदी गप्प इंजिनावर खूश होऊ नका.

ब्रेकसाठी मागचे ड्रम उघडा. व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल असेल तर दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकदम बदला, जुना ब्रेक फ्लुइड पूर्ण काढून डॉट-3 भरा आणि दर दोन वर्षांनी बदला. पुढच्या कॅलिपरच्या पिना हाताने सरकल्या पाहिजेत. अडकल्या तर गाडी एका बाजूला ओढते. गणपतीला कोकणात उतरायचे असेल तर हे काम त्याआधीच उरका.

पेट्रोल आणि कार्बोरेटर

आता पेट्रोल पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. कार्बोरेटरवाल्या 800 चे रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नाहीत. रबर फुगते, मऊ होते, मग चिरते, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घाला, क्लिप नव्या घाला, फिल्टर लवकर बदला. इथेनॉल पाणी ओढून घेते, त्यामुळे गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका. कार्बोरेटरचे जेट तारेने टोकरू नका, भोक मोठे होते. क्लीनर आणि हवेचा झोत पुरे. एमपीएफआय गाडी कायम रिझर्व्हवर चालवू नका. पंप टाकीत असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो.

सुटे भाग

ओम्नीलाही हेच इंजिन होते आणि ती 2019 पर्यंत निघत होती, त्यामुळे इंजिनाच्या भागांची चणचण नाही. ब्रेक, बेल्ट, सील, थर्मोस्टॅट नवे आणि नामांकित कंपनीचेच. दारे, काचा, सेल्फ, अल्टरनेटर, डॅशबोर्ड जुने घेतले तरी चालतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. ब्लॉक बोअर करणे, हेड घासून सपाट करणे ही कामे कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतात. जुना अल्टरनेटर घेतलात तर बसवल्यावर मल्टिमीटर लावा. चालू इंजिनावर बॅटरीला 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले पाहिजेत. 100/90 वॅटचे हेडलाइट बल्ब मात्र घालू नका. मूळ वायरिंग 60/55 साठी आहे, खटका वितळतो.

पावसाळ्याआधी

मे महिन्यात दारांच्या खालची पाणी जायची भोके आणि वायपरखालची जाळी तारेने साफ करा. गालिचा ओला सापडला तर बोटाने चोळून पाहा. नुसते पाणी असेल तर काचेचे रबर किंवा बुजलेले भोक, बुळबुळीत लागले तर हीटरमधून कूलंट गळते आहे. वळताना पुढून टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचे रबर फाटून ग्रीस गेले आहे. आवाज यायच्या आधी, रबराला चीर दिसली तेव्हाच ते बदलले असते तर जॉइंट वाचला असता, म्हणून दर ऑइल बदलाला खाली वाकून तेवढे पाहा.

गाडी मोडीत काढायची वेळ आली तर ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. गाडी जमा केल्याचे ठेव प्रमाणपत्र हातात घ्या आणि आरटीओत आरसी रद्द झाल्याची खात्री करा. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दिली तर चासी नंबर तुमच्याच नावावर राहतो, आणि तो कुठल्या गाडीवर परत उगवेल हे तुमच्या हातात राहत नाही.