कोलीन आणि मेंदू : ताटातल्या आणि औषधांच्या डब्यातल्या या चुका टाळा

आहाराबद्दल विचारायला येणारी जिमची तरुण मुलं मला अभिमानाने सांगतात, "ताई, रोज चार अंडी खातो, पण फक्त पांढरं." बलक कुठे जातो? कचऱ्यात, नाहीतर दारातल्या कुत्र्याला. ऐकून खरंच जीव हळहळतो. एका मोठ्या अंड्यात साधारण १४७ मिलिग्रॅम कोलीन नावाचं पोषकद्रव्य असतं आणि ते जवळजवळ सगळं त्या बलकातच असतं.

कोलीनपासून शरीर अ‍ॅसिटाइलकोलीन बनवतं. मज्जातंतू एकमेकांना आणि स्नायूंना निरोप देतात ते याच्या मदतीने. १९२१ साली ओटो लेवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून हे निरोप रसायनातून जातात हे दाखवलं. पुढे १९३६ साली त्यांना आणि हेन्री डेल यांना मिळून नोबेल मिळालं. स्मरण आणि लक्ष या दोन्ही कामांत या रसायनाचा मोठा वाटा आहे. त्याशिवाय प्रत्येक पेशीचं आवरण बांधायला आणि यकृतातली चरबी बाहेर काढायलाही कोलीन लागतं. म्हणूनच ते फार कमी पडलं तर आधी यकृत आणि स्नायू तक्रार करतात.

अमेरिकेत १९९८ साली त्याला आवश्यक पोषकद्रव्य मानलं गेलं. तिथल्या शिफारशीनुसार पुरुषांना दिवसाला ५५०, स्त्रियांना ४२५, गरोदरपणात ४५० आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ५५० मिलिग्रॅम पुरेसं धरतात. युरोपात प्रौढांसाठी ४०० धरतात. हे आकडे अंदाजाचे आहेत. आपलं यकृतही थोडं कोलीन स्वतः तयार करतं, त्यामुळे एखाद्या दिवशी कमी पडलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

बलक टाकून देणं

"पण कोलेस्टेरॉल?" हा प्रश्न हमखास येतो. आहारातल्या कोलेस्टेरॉलवर दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जी मर्यादा पूर्वी सांगितली जायची, ती अमेरिकेच्या २०१५ च्या आहार मार्गदर्शिकेतून काढली गेली. बहुतेक निरोगी माणसांना रोज एक अख्खं अंडं चालतं. हृदयविकार, मधुमेह किंवा वाढलेलं कोलेस्टेरॉल असेल, तर किती खायचं ते आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. चार पांढऱ्यांत एक तरी बलक राहू द्या, एवढीच माझी मागणी असते.

शाकाहारी ताटात हिशेबच न करणं

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण आपल्याकडे कितीतरी घरांत अंडं शिजतच नाही आणि शिजतं तिथेही चातुर्मासात चार महिने बंद असतं. मग कोलीन येणार कुठून? एका दिवसाचा ढोबळ हिशेब मांडू. दोन कप दूध साधारण ८६, कपभर दही ३८, छोटी वाटीभर राजम्याची उसळ ४५, मूठभर शेंगदाणे २४, फ्लॉवरची भाजी २४, एक मोठा बटाटा ५७, चार पोळ्या ३७. झाले ३११ मिलिग्रॅम. त्यात अर्धा कप भाजलेले सोयाबीन घातले की आणखी १०७, म्हणजे ४१८. बाईच्या गरजेच्या अगदी जवळ!

म्हणजे शाकाहारात जमतं, पण आपोआप जमत नाही. दुपारी वरणभात आणि रात्री भात-लोणचं यावर दिवस निघाला की गणित कोसळतं. उपवासाचंही तसंच. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसतं स्टार्च. खिचडीत जे काही कोलीन येतं ते दाण्याच्या कुटाचं आणि बटाट्याचं. म्हणून कूट सढळ हाताने घाला, सोबत दही घ्या. आणि कोलीन पाण्यात विरघळतं, तेव्हा फ्लॉवर किंवा कडधान्य शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, त्याचं कटासारखं सार करा.

किनारपट्टीवर रोज मासळी खाणाऱ्यांना मात्र यातली फारशी काळजी करायला नको.

गरोदरपणात गोळीतच सगळं आहे असं धरून चालणं

सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. ती घ्यायलाच हवी, पण तिच्यात कोलीन नसतं. बाजारातल्या बऱ्याच महागड्या गोळ्यांतही ते नसतं किंवा नावापुरतं असतं, म्हणून पाकिटामागची यादी वाचा. बाळाचा मेंदू घडत असताना आईकडून कोलीन भराभर ओढलं जातं. कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१८ सालच्या एका अभ्यासात शेवटच्या तिमाहीत काही स्त्रियांना रोज ४८० आणि काहींना ९३० मिलिग्रॅम कोलीन दिलं होतं. जास्त मिळालेल्या आयांची बाळं समोरच्या खुणेकडे लवकर वळत होती. स्त्रिया अवघ्या २६ होत्या, तेव्हा या एका अभ्यासावरून स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नका. पण ताटात दूध, उसळ आणि चालत असेल तर पूर्ण शिजलेलं अंडं वाढवायला कुणाची परवानगी लागत नाही.

स्मरणशक्तीसाठी बाटली विकत घेणं

परीक्षा आल्या की मुलांसाठी आणि विसरायला लागलेल्या आईवडिलांसाठी लोक कोलीनच्या कॅप्सूल शोधतात. नीट जेवणाऱ्या माणसाला त्यांनी ठोस फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. अल्झायमरमध्ये लेसिथिन (ज्यातून कोलीन मिळतं असा पदार्थ) देऊन पाहिलं, तेव्हाही हाती काही लागलं नाही. उलट अति झालं तर अंगाला माशासारखा वास येतो, घाम सुटतो, रक्तदाब उतरतो. प्रौढांसाठी दिवसाला ३५०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आहे. ताटातून तिथवर कुणी पोचत नाही, बाटलीतून पोचता येतं.

विसराळूपणा दिसला की आहारालाच दोष देणं

ही चूक सगळ्यांत महाग पडते. आजोबा गोंधळतात, तेच तेच विचारतात, म्हणून घरचे बदाम-अक्रोड वाढवत बसतात. पण बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइडची गडबड असेल तर ती साध्या रक्ततपासणीत कळते आणि उपचारही सोपे आहेत. दुसरं कारण तर औषधांच्या डब्यातच असू शकतं. अ‍ॅलर्जी आणि खोकल्याची काही औषधं, लघवी आवरण्याच्या काही गोळ्या, अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारख्या नैराश्यावरच्या जुन्या गोळ्या अ‍ॅसिटाइलकोलीनचं काम अडवतात. तरुणाला नुसती झोप येते, म्हातारा माणूस भ्रम झाल्यासारखा गोंधळतो. ताटात कितीही कोलीन असलं, तरी निरोप पोचायची वाटच बंद असेल तर ते काय करणार?

कुठलीही गोळी परस्पर बंद करू नका. घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा. त्यात उशाशी ठेवलेली खोकल्याची बाटलीही घाला, कारण "काय काय घेता?" असं विचारलं की तिचं नाव कुणीच सांगत नाही.